मुहूर्ताचं फोल्डर

सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणजे यंत्रांचा डॉक्टर, असं माझ्या आईला वाटतं आणि ती गावात तसंच सांगते. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. खरं तर मी चौकीदार आहे. कोणाला आत सोडायचं, कोणाला नुसतं बघू द्यायचं, कोणाला हात लावू द्यायचा आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, एवढंच मी इतकी वर्षं करत आलोय. आणि घरातल्या भांडणात चौकीदाराच्या शब्दाला जेवढी किंमत असते तेवढीच माझ्या शब्दाला आहे, हे मला जयपुरात कळलं.

मी सांगलीकडचा. नोकरीसाठी इकडे आलो, दुर्गापुऱ्यात स्टेशनजवळ खोली घेतली, आणि हाताने ठसे छापलेलं कापड परदेशी पाठवणाऱ्या एका घराण्याच्या पेढीत लागलो. पेढीचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी ते लोक म्हणतील, असं काही घडलंच नाही. मालक म्हातारे, त्यांना सगळे बाऊजी म्हणतात. कारभार त्यांचा मुलगा बघतो, तो भैयाजी. भैयाजी परदेशात शिकून आलेला, इंग्रजी फाडफाड, पण वडिलांसमोर त्याचा आवाज मोलकरणीपेक्षा खाली असतो.

आणि डिझाइन विभागाच्या प्रमुख होत्या ताई. त्या अकोल्याच्या. नवरा बँकेत, त्याची बदली जयपूरला झाली म्हणून आल्या. पुढे त्याच्या आणखी बदल्या झाल्या, पण मुलांच्या शाळा मोडायच्या नाहीत म्हणून त्यांनी मानसरोवरला फ्लॅट घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, तू फिर, आम्ही इथंच. पेढीत त्या आधी कागदावर बूट्या, म्हणजे ठशांची वेलफुलं, गिरवायला लागल्या, मग संगणकावरचं काम स्वतः शिकल्या, आणि मी आलो तेव्हा पेढीतलं प्रत्येक नवं डिझाइन त्यांच्या हाताखालून जात होतं. सगळे त्यांना ताईजी म्हणायचे. जयपुरात ताईजी म्हणजे मोठी काकू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या आरशात जाऊन केस बघून आल्या होत्या, असं त्यांनीच मला हसत सांगितलं.

मी मराठी म्हणून त्यांचा माझ्यावर जीव. दुपारी डब्यातली सांबारवडी, म्हणजे वऱ्हाडातली कोथिंबिरीची वडी, माझ्यासमोर सरकवायच्या आणि बोलत बसायच्या. म्हणायच्या, तुझ्याशी बोलून घेते, घरी पोरं हिंदीतच उत्तर देतात. मुलगा त्यांना ‘मम्मी, मतलब काय’ असं विचारायचा. याचं त्यांना हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

आता थोडं माझ्या चौकीदारीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेढीतले सगळे संगणक एका राज्यात होते. आमच्या भाषेत त्याला डोमेन म्हणतात. राज्यात प्रत्येकाचं एक खातं, प्रत्येक खात्याचा एक गट: डिझाइनवाले, छपाईवाले, हिशेबवाले आणि मालकांच्या घरचे. सगळ्यांच्या फाइली एकाच मोठ्या सामायिक साठ्यात, आणि तिथल्या प्रत्येक फोल्डरवर यादी लावलेली की हे कोणत्या गटाला उघडेल. घरच्यांना अर्थातच सगळं उघडायचं. ताईंचं फोल्डर मात्र फक्त ताईंना आणि घरच्यांना. हा नियम ताईंचा नव्हता, बाऊजींचा होता. या धंद्यात नवी बूटी बाहेर फुटली की जयपूरजवळ सांगानेरला, जिथे ही सगळी छपाई चालते, आपलं कापड वाळायच्या आत दुसऱ्याची नक्कल वाळत पडते. तेव्हा छपाईवाल्यांनाही हंगाम सुरू होईपर्यंत डिझाइन दिसू द्यायचं नाही, हे बाऊजींनी स्वतः मला सांगितलं होतं.

हंगाम सुरू व्हायचा लक्ष्मीपूजनाला. पूर्वी त्या दिवशी पेढीत नव्या बहीची, म्हणजे हिशेबाच्या वहीची, पूजा व्हायची. बही गेली, संगणक आला, पण पंडितजी यायचे थांबले नाहीत, त्यामुळे पूजा सर्व्हरची व्हायला लागली. यंत्राच्या कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला लाल धागा, माउसवर टिळा. मी नुसता पंख्याच्या जाळीत अक्षता जाऊ नयेत म्हणून हात धरून उभा. मग पंडितजींनी वेळ सांगितली की बाऊजी माझ्या खुर्चीत बसायचे, स्वतःच्या हाताने नव्या वर्षाचं फोल्डर तयार करायचे, त्यात ‘श्री’ नावाची एक रिकामी फाइल ठेवायचे आणि ताईंच्या फोल्डरमधलं नव्या हंगामाचं काम माउसने ओढून त्यात आणून सोडायचे. मालकाच्या हाताने लक्ष्मी घरात आली, असा त्याचा अर्थ. नव्या वर्षाचं फोल्डर छपाईवाल्यांना खुलं. त्या क्षणापासून डिझाइन त्यांचं. मग पेढे, आणि सगळे घरी.

मला या सगळ्याची मजा वाटायची. आमच्याकडे खंडेनवमीला करवतीला हळदकुंकू लावतात, तसंच हे. आता मजा वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळीआधी नवा साठा घेतला. जुन्या यंत्रात दोन वेगळ्या डिस्क होत्या, एकीवर ताईंचं काम, दुसरीवर वर्षांची फोल्डरं. नव्या यंत्रात सगळं एकाच मोठ्या डिस्कवर आलं. भैयाजींना तसंच हवं होतं, एक ड्राइव्ह, एक अक्षर, गोंधळ नको. मुहूर्त झाला, बाऊजींनी ओढलं, सोडलं, टाळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट दिवाळीआधी झाली होती आणि ती साऱ्या पेढीला ठाऊक होती. परदेशी खरेदीदाराच्या कॅटलॉगमध्ये डिझाइन करणाऱ्याचं नाव छापायची पद्धत निघाली होती. ताई भैयाजींकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझं नाव द्या. भैयाजी म्हणाला, पेढीचं नाव आहे ना, ते सगळ्यांचंच. ताईंचा आवाज चढला. काचेच्या केबिनमधून आवाज ऐकू येत नाही, पण हात दिसतात, आणि ताईंचे हात सगळ्यांनी पाहिले.

लाभपंचमीला कामकाज सुरू झालं आणि पहिल्याच चहाच्या आत छपाईचा मुख्य माणूस माझ्याकडे आला. हा जुना खट माणूस, त्याला संगणक म्हणजे घरात आलेली सवत. नव्या वर्षाचं फोल्डर उघडतंय, आतली डिझाइनं उघडत नाहीत, परवानगी नाही म्हणतंय. ठसे कोरायला द्यायचे होते, कारागीर बसून होते, परदेशी माल वेळेवर जायला हवा होता. मी नेहमीचं केलं. त्याचं खातं छपाईच्या गटात आहे ना ते पाहिलं, होतं. त्याला बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगितलं, कारण गटात केलेला बदल पुन्हा आत आल्याशिवाय लागू होत नाही. तो बडबडत गेला आणि तसाच बडबडत परत आला. विभागातल्या बाकीच्यांचंही तेच. मग मी फोल्डरची यादी उघडली. बाहेरच्या फोल्डरवर छपाईवाले होते. आतल्या एकेका डिझाइनवर मात्र फक्त घरचे, आणि ताई. फाइलींचा मालक म्हणून नाव कोणाचं, तर ताईंचं.

मी ते वाचत होतो आणि भैयाजी माझ्या खुर्चीमागे उभा राहून तेच वाचत होता. हे मला कळलं तो निघून जाताना. मी म्हटलं, सर, थांबा, अजून बघायचंय, यादी अशी का झाली ते शोधतो. तो म्हणाला, जे दिसायचं ते दिसलं. अर्धवट निदान ऐकून पळणाऱ्या नातेवाइकाला काय म्हणायचं? मी जागेवरून उठलोही नव्हतो, तेवढ्यात केबिनमध्ये ताईंना बोलावणं गेलं.

पेढीने पाच मिनिटांत गोष्ट रचली. कॅटलॉगमध्ये नाव दिलं नाही म्हणून ताईंनी रागाने डिझाइनं स्वतःच्या नावाने कुलूपबंद केली आणि ऐन हंगामात मालकाचा गळा धरला. ताई आत सांगत होत्या की माझ्याच फोल्डरमधून नव्या हंगामाचं काम गायब झालंय, मी आत्ता हेच विचारायला येणार होते. तर तोही पुरावा ठरला. बघा, लपवलंही आणि वर कांगावाही. एकदा माणूस चोर ठरला की त्याचं खोकणंही चोरीचं वाटतं.

बाहेर येऊन त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. डोळे कोरडे होते, ओठ पांढरे.

“अरे, मी काहून बंद करीन? माझंच काम आहे ना ते.”

मी म्हटलं, ताई, मला थोडा वेळ द्या, कारण सापडेल. त्यांनी मान हलवली, पर्स घेतली, आणि सगळ्या टेबलांच्या मधून चालत बाहेर गेल्या. एकानेही वर पाहिलं नाही. ज्यांना त्यांनी माउस धरायला शिकवलं होतं ती मुलंसुद्धा पडद्यात डोकं घालून बसली. मला अजून त्या माना दिसतात आणि अजून संताप येतो.

त्या मेट्रोत बसल्या असतील-नसतील, एवढ्यात भैयाजीने त्यांचं खातं पुसून टाकलं. मालक म्हणून सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्याच. मी नको म्हणालो होतो, पण घर त्याचं. खातं नुसतं बंद ठेवता येतं, तात्पुरतं, आणि शहाणा माणूस तेवढंच करतो. त्याने पुसलं. पुसलेलं परत आणायची सोय मी मागितली होती, ती नंतर बघू म्हणून राहिली होती.

कारण सापडायला मला फार वेळ लागला नाही, हीच तर चीड आहे. मी ताईंच्या फोल्डरमधलं एक रिकामं फोल्डर घेतलं आणि बाऊजींसारखंच ओढून नव्या वर्षाच्या फोल्डरमध्ये सोडलं. आतली यादी जुनीच राहिली. मग तेच कॉपी करून पाहिलं. यादी नवी झाली. झालं, एवढंच होतं. कॉपी केलेली गोष्ट नव्या जागी जन्मते, म्हणून नव्या जागेचे नियम घेते. सरकवलेली गोष्ट ताईंच्या नवऱ्यासारखी असते, बदली होऊन आलेली. गाव बदलतं, सवयी जुन्याच. जुन्या यंत्रात दोन डिस्क होत्या, त्यामुळे बाऊजी ओढायचे तेव्हा यंत्र आपोआप कॉपी करायचं. आता डिस्क एकच, म्हणून ओढलं की नुसतं सरकलं, आणि ताईंच्या फोल्डरचं कुलूप बरोबर घेऊन आलं. ताईंच्या फोल्डरमधून काम गायब का झालं, त्याचंही उत्तर हेच. कुलूप घालायचा हुकूम बाऊजींचा, आणि कुलपासकट उचलून आणणारा हातही बाऊजींचाच. ताई त्या दिवशी पेढे वाटत होत्या.

मी भैयाजीला बोलावून त्याच्यासमोर हे दोन्ही करून दाखवलं. मूर्ख नाही तो, लगेच समजला. मग त्याने विचारलं, ओढलं कोणी? आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की फाइली नीट करून टाक, छपाईचं काम सुरू होऊ दे, आणि बाऊजींपर्यंत हे नेऊ नकोस. मी म्हटलं, आणि ताई? तो म्हणाला, बघू.

‘बघू’ या शब्दाची मला घाण वाटते. फाइली मी दुरुस्त केल्या, चहा थंड व्हायच्या आत छपाईवाल्यांना डिझाइनं उघडली, आणि मी सरळ बाऊजींच्या खोलीत गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी कपाटाचं उदाहरण देऊन सांगितलं. एका खोलीतलं कुलूपबंद कपाट उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं तर कपाटाची किल्ली बदलत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना कळलं नाही असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कापड नुसतं चिमटीत धरून त्याचं सूत सांगितलं, त्याला कपाट आणि किल्ली कळत नाही?

त्यांनी उजव्या हातातली अंगठी फिरवली आणि म्हणाले, “मुहूर्त के काम में गलती नहीं होती, बेटा।”

आवाजात राग नव्हता. भीती होती. मुहूर्ताचा हात चुकला असं मान्य केलं की आख्खं वर्ष अपशकुनी, आणि वर्ष अपशकुनी म्हटलं की घराणं झोपत नाही. त्यापेक्षा एक बाई चोर ठरलेली परवडली. मी उठलो. नमस्कार केला नाही. तेवढंच माझं बंड.

पेढीत जाहीर झालं की तांत्रिक अडचण होती, ती सुटली. कोणाची चूक, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. ताईंकडे माणूस पाठवून हिशेब चुकता केला. सांगानेरचा धंदा म्हणजे एक चाळ आहे, इकडे शिंकलं की तिकडे ‘जीते रहो’ म्हणतात. ताई दुसऱ्या एका पेढीत विचारायला गेल्या. तिथल्या बाईने त्यांचं काम पाहिलं, वाहवा केली, आणि मग नाव ऐकून विचारलं, आप वही तालेवाली मैडम हैं ना? तिसऱ्या ठिकाणीही तेच. पुढे त्यांनी जाणं सोडलं. मला फोनवर म्हणाल्या की नोकरी गेल्याचं काही नाही, नवऱ्याचा पगार आहे, पण या गावात मी इतकी वर्षं घालवली आणि गाव मला एका कुलपाने ओळखतं.

उन्हाळ्यात खरेदीदाराने मागच्या डिझाइनांत बदल मागितले. रंगांचे थर वेगवेगळे केलेल्या त्या फाइली ताईंनी अशा बांधल्या होत्या की दुसऱ्या कोणाला धागा सापडेना. विभागातल्या मुलांनी प्रयत्न केले, परदेशातून नकार आले. मग भैयाजीने फोन केला. घर का मामला है, ताईजी, गैरसमज होते, मिटले, या.

मी ताईंना म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या की नोकरीसाठी येतच नाही. “ज्या दरवाज्यातून गेली ना, त्याच दरवाज्यातून सगळ्यांसमोर आत यायचं आहे मला. मग बाजारात कोणी काही म्हणू दे.” मला पटलं. कुलपाचं भूत उतरवायला दुसरा मंत्र नव्हता.

त्या आल्या तेव्हा निळी साडी नेसून आल्या होत्या, स्वतःच्याच बूटीची. पेढीने त्यांचं स्वागत केलं, खोटं कशाला बोलू. बाऊजी खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले. मिठाई आली. माना खाली घातलेली ती मुलं आता ताईजी, ताईजी करत भोवती जमली. भैयाजीने कौतुकाने सांगितलं की तुमचं खातं मी स्वतः परत बनवलंय, तेच नाव, तीच खुर्ची. मी पुढे झालो आणि म्हटलं, सर, आधी मला एकदा बघू द्या. त्याने हातानेच मला बाजूला केलं.

ताई बसल्या. नाव टाकलं, यंत्राने ‘वेलकम’ म्हटलं. त्या स्वतःचं फोल्डर उघडायला गेल्या. परवानगी नाही.

पुन्हा केलं. परवानगी नाही.

मागून छपाईच्या मुख्य माणसाचा आवाज आला, “अब की बार ताला किसने लगाया?” दोघंतिघं हसले. त्याने गंमत म्हणूनच म्हटलं असेल. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

मी खाली वाकून ताईंना मराठीत समजावलं. यंत्राला नावं कळत नाहीत. खातं पहिल्यांदा उघडलं की ते त्याला एक लांबलचक नंबर देतं आणि पुढे जन्मभर त्या नंबरालाच ओळखतं. खातं पुसलं की नंबर मेला. त्याच नावाचं नवं खातं काढलं तरी त्याला नंबर नवा, म्हणजे यंत्राच्या लेखी माणूस नवा. मी त्यांच्या फोल्डरची यादी पडद्यावर आणली. जिथे इतकी वर्षं त्यांचं नाव होतं तिथे नुसते आकडे होते आणि बाजूला अनोळखी खातं असं लिहिलेलं.

ताईंनी पडद्याजवळ बोट नेलं. “हा नंबर मीच का?”

“हो ताई. तुम्हीच.”

“आणि हे नवं नाव?”

मी म्हटलं, पाच मिनिटांत नीट करतो, फक्त पेढीच्या नियमाप्रमाणे भैयाजींना तुमच्याकडून एक विनंती जावी लागेल आणि त्यांनी हो म्हणावं लागेल. म्हणता म्हणताच मला कळलं, मी त्यांना कोणाकडे हात पसरायला सांगतोय ते.

ताई खुर्चीतून उठल्या आणि बाऊजींकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता. “बाऊजी, दिवाली पे क्या हुआ था, इन सब को आप बोल दीजिए। मैं बैठ जाती हूँ।”

भैयाजीने मान खाली घातली. बाऊजी बोलतील असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी नजर सर्व्हरच्या कपाटाकडे नेली, जिथे दिवाळीचा लाल धागा अजून लोंबत होता, आणि ते म्हणाले, “ताईजी के लिए चाय मँगवाओ।”

ताईंनी मिठाईची बशी बाजूला सरकवली. बाऊजींना वाकून नमस्कार केला, कारण संस्कार जात नाहीत, आणि निघाल्या. या वेळी मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो. रिक्षात बसताना त्या एवढंच म्हणाल्या की तू जा आत, ऊन लागेल.

मी नोकरी सोडली नाही. दुसरीकडे जाऊनही हीच चौकीदारी करायची, मालक बदलतील एवढंच. पुढच्या दिवाळीला पंडितजी आले, स्वस्तिक काढलं, धागा बदलला. वेळ झाली तसे बाऊजी माझ्या खुर्चीत बसले. त्यांनी माउसला टिळा लावला, त्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. पंडितजींनी दुसऱ्यांदा सांगितलं की वेळ चाललीय. तेव्हा बाऊजींनी हात काढून घेतला, खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, “तू ही कर दे।”

लोकांना तो मोठेपणा वाटला. बाऊजींनी मुहूर्ताचा मान नोकराला दिला, असं अजून सांगतात. मी बसलो, फोल्डर तयार केलं, श्री ठेवली आणि हंगामाचं काम कॉपी करून आत टाकलं. माझ्या पाठीशी बाऊजी उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. त्या दिवशी खोलीत कळलं होतं आणि ताई समोर उभ्या होत्या तेव्हाही. यंत्राजवळ त्यांनी चूक कबूल केली, फक्त ताईंजवळ केली नाही.

घरी जाताना मी ताईंना फोन केला. त्या आता मानसरोवरला घरीच मुलांना चित्रकला शिकवतात. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना थोडं बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मग म्हणाल्या, “मला काहून सांगतोस रे? मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाजाराला सांग.”

म्हणून हे लिहून काढलं. पण मला नीट लिहिता येतं ते मराठीत, आणि सांगानेरच्या बाजारात मराठी कोणी वाचत नाही.